रफिकभाईंनी पाडलेलं भोक

लोक नवं घर बघायला येतात तेव्हा साधारणपणे फरशी बघतात, ओटा बघतात, नळ सोडून बघतात. मी बांधलेल्या घरात पाहुणा शिरला की मात्र आधी भिंतीपाशी जातो आणि बोटाच्या पेरानं तीनदा ठोकतो. टक टक टक. मग कान लावतो. मग माझ्याकडं असं बघतो, जणू मी त्याच्या गळ्यात कच्चं कलिंगड मारलंय.

"पोकळ हाय का हो?"

अर्धं आयुष्य या एका प्रश्नाला उत्तर देण्यात गेलं. उरलेलं अर्धं भिंती उभ्या करण्यात.

माझा धंदा पॅनलचा. दोन बाजूंना सिमेंटचा पातळ बोर्ड, मध्ये चार बोटं जाडीचा घट्ट थर्माकोल, आणि तिन्ही एकमेकांना असे चिकटलेले की सोडवायला गेलात तर तुम्हीच आधी थकाल. दारापेक्षा थोडा रुंद, नऊ-दहा फूट उंच. चार माणसं उचलतात, जोत्यावर बसवलेल्या पट्टीत उभा करतात, शेजारच्याच्या खाचेत सरकवतात, सांध्यात फोम मारतात. एकमजली घराला वेगळे कॉलम लागत नाहीत, छपराचं ओझं भिंतच घेते. आणि ऊन बाहेरच्या बोर्डापर्यंत येतं, पुढं थर्माकोल त्याला आत येऊ देत नाही. विटेची भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री आपल्या अंगावर ओकते. ही ओकत नाही. एवढंच शास्त्र.

तरी कुणाचा विश्वास बसत नाही. थर्माकोल म्हटलं की लोकांना गणपतीचं मखर आठवतं. म्हणून मी दोन विटांवर पॅनल आडवा टाकतो आणि मधोमध जाऊन उभा राहतो. चौऱ्याण्णव किलो. पॅनल हूं की चूं करत नाही. आमची ही म्हणते, "तुमच्या वजनाचा संसारात एवढा एकच उपयोग झाला."

हिला बोलायला जागा आहे. शहरातलं आमचं स्वतःचं घर विटेचं. निजायची खोली पश्चिमेला. मे महिन्यात संध्याकाळी भिंतीला पाठ टेकवली तर पापड भाजून निघेल. रोज सहाला मी गच्चीवर पाणी मारायला जातो आणि खालून आवाज येतो, "जगाला गार करून आले का? आता आम्हाला करा."

मी शिकलो कोल्डरूमवर. द्राक्षं, दूध, आईस्क्रीम, औषधं ठेवायच्या खोल्या. तिथं एकच धर्म, हवा आत जाता कामा नये आणि बाहेर येता कामा नये. खोली पूर्ण झाली की आमचे मुख्य फिटर रफिकभाई आणि मी आत जायचो, दार लावून दिवा घालवायचो आणि अंधारात भिंती न्याहाळायचो. सुईच्या टोकाएवढा उजेड दिसला तरी तिथं पुन्हा फोम. दुसरा नियम दाराचा. आत कुणी राहिलं नाही ना, हे हाक मारून बघितल्याशिवाय कोल्डरूम बंद करायची नाही. आणि आतून दार उघडायची मूठ असल्याशिवाय खोली मालकाच्या ताब्यात द्यायची नाही. हे नियम मला झोपेत विचारा, सांगेन. जागेपणी मी काय केलं, तेच सांगायला बसलोय.

पुढं घरांची कामं यायला लागली. शहरात ग्रीन होमची हवा आली. एका डॉक्टरसाहेबांनी वीज वाचावी म्हणून माझ्याकडून सगळ्या भिंती पॅनलच्या करून घेतल्या आणि वास्तूच्या दिवशी चार खोल्यांत चार एसी लावले. "आता एसी चांगला टिकतो बघा," म्हणाले. खरं होतं ते.

असल्या गिऱ्हाइकांत सुनंदाताई आल्या.

शेंद्र्याला एका कारखान्याच्या फाटकावर आम्ही पहारेकऱ्याची केबिन बांधली होती. सहा बाय आठ, उरलेल्या पॅनलची. सुनंदाताई पिशोरच्या, अंगणवाडीत मदतनीस. त्या कारखान्यात नात्यातल्या कुणाला भेटायला आल्या होत्या आणि भर दुपारी तासभर त्या केबिनीत बसून राहिल्या. उठल्या त्या माझं नाव विचारूनच. दुसऱ्या दिवशी माझ्या गोडाऊनमध्ये हजर.

"भाऊ, मला तशी एक केबिन पायजे."

"टपरी टाकायची का ताई?"

"नाय. नवऱ्याला ठिवायचंय."

मी पेन खाली ठेवला.

"आडवा मावला पायजे," त्या म्हणाल्या. "आन बाजूला मला बसाया जागा."

त्यांचा नवरा दत्ता वैजापूरच्या बाजारात कापसाच्या गाडीवरून पडला होता. पाठीचा कणा गेला. छातीच्या खाली काही कळत नाही, आणि मुख्य म्हणजे घाम येत नाही. आपलं अंग घाम काढून स्वतःला गार करतं, त्याचं करत नाही. गेल्या मे महिन्यात तो बेशुद्ध झाला. घरच्यांना वाटलं ताप. तो ताप नव्हता, पत्र्याच्या खोलीत माणूस पत्र्याइतका तापला होता. डॉक्टर म्हणाले, या खेपेला वाचला, पण पुढच्या उन्हाळ्यात त्याला कसंही करून गार ठेवा. कूलर होता. पण दुपारी लाईट गेली की कूलर नुसतं खोकं.

मी आणि रफिकभाई पिशोरला गेलो. पत्र्याच्या भिंती, वर पत्रा, कोपऱ्यात खाट. दत्ता पस्तिशीचा, खांदे पैलवानाचे आणि खाली काड्या.

"या. तुम्हीच का ते कोल्डरूमवाले? मग मी द्राक्षं म्हणायचो का आईस्क्रीम?"

"अवो, गप बसा की," सुनंदाताई.

"का गप बसू? मी राजा मानूस. घाम गाळायचं कामच नाय मला."

हसावं की नाही कळेना. रफिकभाई हसले, म्हणून मी हसलो.

संक्रांत नुकतीच झाली होती. पाडव्यापर्यंत खोली उभी पाहिजे होती, कारण त्यानंतरचं ऊन दत्तासाठी जिवावरचं. पॅनल बनवणाऱ्या कंपनीकडून कोपरे उडालेले पॅनल मिळवले, कोपरे कापून टाकले. एक मोठी खोली, एक छोटं स्वयंपाकघर, पुढं ओटा. छपरालाही पॅनल. पॅनलच्या भिंतीत मनाला येईल तिथं खिळा ठोकता येत नाही, जड काही टांगायचं तर आधीच आत लाकूड बसवावं लागतं. दत्ताला हातानं धरून उठता यावं म्हणून खाटेच्या वर लोखंडी कडी हवी होती, तिथं सागाचा जाड तुकडा घातला. खाट दारातून बाहेर जाईल एवढं दार रुंद ठेवलं. सगळा विचार केला होता, असं मला वाटत होतं.

वरचे पॅनल बसवताना रफिकभाई शिडीवरून म्हणाले, "भाई, हवेची जाळी कुठं सोडायची?"

"जाळी कशाला? खिडक्या आहेत की."

"खिडक्या दिवसा बंद ठेवा म्हणता तुम्ही. मग?"

ते खरं होतं. या घराची रीतच तशी, रात्री उघडायचं, गार हवा भरून घ्यायची, सकाळी आठला सगळं मिटायचं. मी म्हणालो, "रफिकभाई, जाळी सोडली की तिथून ऊन आत येणार. इतकं घट्ट काम करून त्याला आपणच गळती लावायची?"

त्यांनी फोमची बंदूक खाली केली. "अंगूरां रखना है क्या, आदमी रखना है?"

मी ऐकल्यासारखं केलं. आमच्या धंद्यात मालकाला एक ऐकू न येणारा कान असतो, तो मी त्या दिवशी वापरला. खोली पूर्ण झाली तसं आत जाऊन दार लावलं, दिवा घालवला. कुठंच उजेड नाही. मुंगी शिरणार नाही असं काम. मला इतका आनंद झाला की अंधारात स्वतःचीच पाठ थोपटली. दिवा रफिकभाईंनी लावला.

वास्तुशांतीला मुहूर्त निघाला पाडव्यानंतरचा, साडेअकराचा. तेवढ्यात गुरुजींनी अडवलं. भिंतीवर टक टक केलं आणि म्हणाले, "आत काय?"

"थर्माकोल."

"थर्माकोलच्या घरात होम? मखर पेटलेलं पाह्यलंय मी. मूषकसुद्धा राहिला नव्हता."

मी पॅनलचा तुकडा आणला, काडी ओढली आणि कडेला धरली. थर्माकोल आक्रसला, काळा झाला, काडी काढली तशी ज्योत विझली. हा जरा वेगळा, आग धरून न ठेवणारा असतो, आणि दोन्हीकडून सिमेंट आहे, हे समजावलं. गुरुजींना अर्धंच पटलं. "ठीक. पण पाण्यानं भरलेली बादली माझ्या उजव्या हाताला पाहिजे." स्टीलची मोठी बादली भरून आली. होमकुंडाखाली विटा रचल्या.

आता माझं पाप. त्या दिवशी पिशोरचं निम्मं गाव येणार होतं, आणि गावात माझं काम अजून कुणी पाहिलेलं नव्हतं. मी दोन थर्मामीटर आणले. एक बाहेर मांडवाच्या सावलीत टांगला, एक आत. बाहेर चाळीस, आत एकोणतीस. मी येणाऱ्या प्रत्येकाला हाताला धरून दोन्ही दाखवत होतो. कुणी खिडकी उघडून माझा आकडा बिघडवू नये म्हणून सकाळीच दोन्ही खिडक्यांच्या झडपांना आतून दोन-दोन स्क्रू मारून ठेवले होते. आणि होम सुरू झाल्यावर दारही लोटून घेतलं. "गारवा जाईल," म्हणालो.

यजमान म्हणून दत्ताची खाट होमाजवळच. बसता येत नव्हतं, म्हणून गुरुजींनी त्याचा हात सुनंदाताईंच्या हाताला लावायला सांगितलं होतं. आत वीस-पंचवीस माणसं, तूप, समिधा. धूर वर गेला आणि छताला पसरला. मग खाली उतरायला लागला. सुरुवातीला बायका पदर नाकाला लावून हसत होत्या. कुणी तरी म्हणालं, "धूर लागला पायजे, शुभ असतं." मी मान डोलावली.

दत्ताच्या छातीत खोकायला जोर नाही, हे मला माहीत नव्हतं. सुनंदाताईंना माहीत होतं. त्यांनी त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि मंत्र चालू असतानाच उठल्या.

"दार उघडा! ह्यांना दम लागंना!"

दार उघडलं, पण धूर छताला, दार खाली. तो हलेना. मी खिडकीकडं धावलो. स्क्रू! पेचकस गाडीत, गाडीची किल्ली पँटच्या खिशात, आणि पँट बदलून मी पूजेसाठी धोतर नेसलेलं. सदऱ्याचा खिसा चाचपत मी तिथंच गोल फिरत होतो, मेरी-गो-राउंडसारखा. चार जणांनी खाट उचलली आणि मांडवात आणली. रुंद दाराचं माझं शहाणपण तेवढं कामाला आलं.

बाहेर त्याला श्वास मिळाला. घोगरा, पण मिळाला. आणि लगेच दुसरं संकट दिसलं. बाहेर चाळीस. तो थर्मामीटर मीच टांगला होता, आणि आता तो मला बघवत नव्हता. दत्ताचा चेहरा लाल आणि कोरडा ठक्क. आत धूर, बाहेर आगीसारखं ऊन, आणि मध्ये ज्याला घाम येत नाही असा माणूस.

"पाणी! पाणी आना!" सुनंदाताई ओरडल्या. हंडे स्वयंपाकघरात, तिथं धूर.

गुरुजी उठले. साठीचे, सोवळ्यातले. उजव्या हाताची ती बादली उचलली, बाहेर आले आणि डोक्यापासून पायापर्यंत दत्तावर ओतली. मग खांद्यावरचं उपरणं भिजवून त्याच्या छातीवर टाकलं आणि पंचांगानं वारा घालायला लागले. थर्माकोल पेटेल म्हणून भरलेलं पाणी.

इतक्यात घराच्या मागून कर्रर्र आवाज आला. रफिकभाई मागं आचाऱ्याच्या मांडवात बसले होते. धूर बाहेर येत नाही हे त्यांनी तिथूनच ओळखलं, कुणाला विचारलं नाही, बॅटरीचा कटर घेतला, शिडी लावली आणि पश्चिमेच्या भिंतीला, छपराखाली, हातभर चौकोन कापला. मी सहा आठवडे घट्ट केलेली भिंत. दोन मिनिटं. चौकोन आत पडला तसा भोकातून धूर असा उसळला, जणू भट्टीचं धुरांडंच. मग त्यांनी पेचकस माझ्या हातात दिला. "अब खिडकी खोलो भाई."

मी ते चार स्क्रू काढले. घाईत तिसऱ्याची खाच झिजवली. वीसेक मिनिटांत आतली हवा नितळली. खाट पुन्हा आत गेली. आतला आकडा तेहतिसावर गेला होता, पण बाहेरपेक्षा सात अंशांनी कमी. दत्ताचं अंग हळूहळू उतरलं. गावातल्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई आल्या, छाती तपासली, म्हणाल्या, वेळेत झालं.

दत्तानं डोळे उघडले. "गुरुजी, अंघोळ तर झाली. आता सोवळं झालो का?"

गुरुजींनी पूर्णाहुती मांडवात केली. जेवणं झाली. कुणीच मला काही बोललं नाही. तेच अवघड गेलं. शिव्या दिल्या असत्या तर मी माल, मुहूर्त, तूप, कशाला तरी दोष दिला असता. सुनंदाताईंनी माझ्या ताटात लाडू वाढला आणि एवढंच म्हणाल्या, "भाऊ, तुमी खिडकीला स्क्रू कशापायी मारले?"

मी म्हणालो, "आकड्यासाठी."

त्यांनी मान हलवली आणि पुढच्या ताटाकडं गेल्या.

परतीच्या वाटेवर रफिकभाई गाडीत कटरची धूळ पुसत बसले होते. मी म्हणालो, "तुम्ही सांगितलं होतं."

"हौ."

"मग जोरात का नाही सांगितलं?"

"जोरानं सांगितलं तर तुमाला कमी ऐकू येतंय भाई."

बायकोला घरी सगळं सांगितलं. ही टोमणा मारेल म्हणून वाट बघत राहिलो. ती म्हणाली, "कोल्डरूमला आतून मूठ असते म्हणून इतकी वर्षं आम्हाला सांगत होता. त्या बिचाऱ्याला कुठली मूठ होती?" आणि कुकर लावायला उठली.

ते वाक्य घेऊन मी दुसऱ्या दिवशी पुन्हा पिशोरला. रफिकभाईंच्या भोकाला चौकट बसवली, जाळी लावली, आतून झाकण. समोरच्या पूर्वेच्या भिंतीत, दुपारच्या सावलीच्या बाजूला, खाली तसंच एक. खालून गार हवा येते, वरून कोंदट निघून जाते. दिवसभर बोटभर उघडी ठेवली तरी घर तापत नाही, हे मी आता मोजून सांगतो. तेव्हा मोजलं नव्हतं, नुसतं ठरवलं होतं. वरच्या झाकणाला दोरी बांधली, छताच्या कडेनं आणून खाटेवरच्या त्या कडीतून खाली सोडली, दत्ताच्या हाताला येईल अशी. ओढली की उघडतं, सोडली की बोटभर फट ठेवून मिटतं.

दत्तानं तीन-चारदा ओढून पाहिली. "ही चांगली सोय केली. घर माझ्या हातात आलं."

त्याच आठवड्यात शेंद्र्याला गेलो. त्या फाटकावरच्या केबिनीतला पहारेकरी वर्षभर डोकं दुखतं म्हणून सांगत होता आणि आम्ही सगळे म्हणत होतो, बिड्या कमी कर. तिथंही दोन जाळ्या पाडल्या. त्याची डोकेदुखी गेली. बिड्या आहे तेवढ्याच आहेत. त्याआधी बांधलेल्या आणखी चार घरांना जाऊन भोकं पाडून आलो. "माफ करा, एक चूक राहिली होती," असं दारात उभं राहून म्हणायला लागतं, आणि चौऱ्याण्णव किलोचा माणूस ते म्हणताना बराच हलका होतो. डॉक्टरसाहेबांनी पाडू दिली नाहीत. म्हणाले, एसीची हवा जाईल.

त्या मे महिन्यात पिशोरला बेचाळीसच्या वर गेलं. सुनंदाताई रोज दुपारी तीनला फोन करायच्या. नमस्कार नाही, काही नाही. "भाऊ, एकतीस." फोन बंद. दुसऱ्या दिवशी, "बत्तीस. लाईट सकाळधरनं नाय." फोन बंद. तीन वाजायच्या आधी मला जेवण जायचं नाही. जून लागला, पहिल्यांदा आभाळ आलं, त्या दिवशी फोन आला नाही. मी चारला स्वतःच लावला. दत्तानं उचलला. "ती गेली अंगणवाडीत. काय भाऊ, आज आकडा बघायची याद नाय राह्यली. झोप लागली होती."

आता हा दत्ताचा त्या घरातला चौथा उन्हाळा. मध्यंतरी कन्नडहून एक जोडपं आलं होतं, त्यांना आजारी आईसाठी अशीच खोली हवी होती. म्हणालो, मी सांगण्यापेक्षा चला, राहणाऱ्यालाच विचारा. पिशोरला पोचलो तेव्हा दुपार कडक. सुनंदाताई ओट्यावर डाळ निवडत होत्या. आत जायच्या आधी त्या गृहस्थांनी जे सगळे करतात तेच केलं. घराला वळसा घालून पश्चिमेच्या भिंतीवर बाहेरूनच बोटाच्या पेरानं ठोकलं. टक टक टक. कान लावला. माझ्याकडं वळून विचारलं, "पोकळ हाय का हो?"

मी नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडलं. त्याआधीच छपराखालच्या भोकाचं झाकण कुरकुरत उघडलं आणि वरून आवाज आला,

"पोकळ नाय. मी हाय आत. दार पलीकडून हाय, या."